दोन मिनिटं एकोणीस सेकंद

आमच्या बॉक्सिंगच्या हॉलमध्ये पंच दोन प्रकारचे असायचे. एक तोंडावर बसायचा आणि दुसरा मध्ये पडून सोडवायचा. हा विनोद मी तिथे लागलो त्या दिवशी ऐकला आणि पुढे बावीस वर्षं दर रविवारी ऐकला. मी डॉक्टर नाही. आठवडाभर एका दवाखान्यात कंपाउंडर आणि रविवारी दुपारी हॉलमध्ये फाटलेल्या भुवया शिवणारा. रिंगला लागून एक लांब टेबल होतं. डावीकडे माझी पेटी, उजवीकडे फळीवर ठोकलेली पितळी घंटा आणि घंटेमागे ताठ बसलेली एक बाई. हातात स्टॉपवॉच, नजर रिंगवर. तिला सगळे टोलबाई म्हणायचे. तोंडावर नाही, पण तिला माहीत होतं.

हॉल तिच्या भावाचा. त्याला सगळेच दादा म्हणायचे, पण तो खरा दादा तिचाच. ती अकरा वर्षांची होती आणि तो सतरा, तेव्हाच त्याने तिच्या हातात पहिल्यांदा स्टॉपवॉच दिलं. वडील नव्हते, आई दिवसभर कामावर. जिन्याच्या वळणावर वाळू भरलेलं पोतं टांगून तो सराव करायचा. तीन मिनिटं मारायचं, एक मिनिट थांबायचं. मोजायला माणूस हवा म्हणून बहीण. काही दिवसांनी तो घड्याळ खिशात टाकायला लागला आणि म्हणायला लागला, "आता अंदाजाने सांग." वर्षभरात तिचा अंदाज इतका पक्का झाला की तीन मिनिटांत एका सेकंदाचाही फरक पडेना. शेजारचे लोक बघायला यायचे. कुणी म्हणायचं, पोरीच्या डोक्यात गजर आहे.

ह्या गुणाचा तिला सगळ्यात मोठा त्रास म्हणजे लोकांचं बोलणं. चहावाला "दोन मिनिटांत आणतो" म्हणून जायचा आणि ती नऊ मिनिटांनी कप हातात घेताना म्हणायची, "नऊ." तो बिचारा ओशाळायचा. एकदा तिने मला तिचा हिशोब सांगितला होता. तिच्या मते 'आलोच' म्हणजे अकरा मिनिटं, 'एवढ्यात' म्हणजे पाऊण तास आणि 'बघू जरा वेळाने' म्हणजे आज नाही. "आणि 'घटकाभर'?" मी विचारलं. "ते म्हणणारा माणूस जेवूनच उठतो," ती म्हणाली. हसली मात्र नाही. ती फार हसायची नाही.

बाविसाव्या वर्षी तिचं लग्न झालं. नवरा टेलर होता. पुढे दुकान, मागे एक खोली, मध्ये पडदा. दुकानात कापायच्या टेबलावर भिंतीला विजेचं घड्याळ होतं, लाल सेकंदकाट्याचं. पडदा सरकवला की ते मागच्या खोलीतून दिसायचं. नवऱ्याचा हात कापडावर फार सफाईने चालायचा आणि बायकोवरही. मारायचा तो कापड मोजायच्या लाकडी गजाने. मांड्यांवर, पाठीवर, जिथे कपड्याखाली झाकलं जाईल तिथे. शेवटी टेलरच तो, कपडा कुठपर्यंत येतो ते त्याला बरोबर माहीत.

पहिल्यांदा मार बसला तेव्हा तिला काही सुचलं नाही. दुसऱ्यांदा तिची नजर पडद्याच्या फटीतून लाल काट्यावर गेली. दोन मिनिटं पस्तीस सेकंद. तेव्हापासून ती मोजायलाच लागली. मोजत असलं की ओरडायला होत नसे, असं ती म्हणाली.

तिसऱ्या महिन्यात ती दादाकडे गेली. दादा तेव्हा अजून लढत होता. नाक दोनदा मोडलेलं, एक कान सुजून मुठीसारखा झालेला. तिने पाठ दाखवली. त्याने बघितली. मग म्हणाला, "किती वेळ मारतो?"

"तीन मिनिटं. कधी थोडं कमी."

"तीन मिनिटं कुणालाही काढता येतात," दादा म्हणाला. "हात उचलून तोंड वाचवायचं, पाय घट्ट रोवायचे. समोरचा दमतोच. आपण काही मऊ घरातले नाही."

त्याला वाटलं तो तिला धीर देतोय. त्याच्याकडे देण्यासारखं तेवढंच होतं. ती परत गेली.

पाचव्या वर्षी नवऱ्याने गज मोडेपर्यंत मारलं. दुसऱ्या दिवशी ती पोलीस ठाण्यात गेली. लिहून घेणाऱ्या पोलिसाने विचारलं, "कधी मारलं?"

"काल दुपारी. तीन वाजून सात मिनिटांनी सुरुवात केली."

त्याचं पेन थांबलं. "आणि संपवलं कधी?"

"तीन अकरा आणि वर वीस सेकंद. चार मिनिटं वीस सेकंद मारलं."

शेजारच्या टेबलावरचा पोलीस चहा पिता पिता ठसकला. "बाई, मार खात होतीस की शर्यत लावली होती?"

लिहिणाऱ्याने समजुतीच्या आवाजात सांगितलं, "हे बघ. ज्याला मार बसतो त्याला वेळेचं भान राहत नाही. खरा मार खाल्लेली बाई म्हणते, खूप वेळ मारलं. लिहू का खूप वेळ?"

"खूप वेळ म्हणजे किती?" तिने विचारलं.

त्याने पेनाचं टोपण लावलं. ती निघाली तेव्हा मागून कुणीतरी विचारलं, किती वाजले गं? आणि सगळी खोली हसली. ती म्हणाली, अकरा बावन्न. खरंच सांगितलं तिने. आपली टर उडवतायत हे तिच्या लक्षात रस्त्यावर आल्यावर आलं.

पुढची तीन वर्षं ती कुणाकडे गेली नाही.

शेवटचं निमित्त अगदी क्षुल्लक. एक गिऱ्हाईक कोटासाठी तिसऱ्यांदा आलं होतं. नवरा म्हणाला, "झालाच, एवढ्यात देतो." पडद्यामागून हिच्या तोंडून निघून गेलं, "अजून बाह्या कापल्या नाहीत. उद्या संध्याकाळी पाचला या." गिऱ्हाईक गेलं. नवऱ्याने दुकानाचं शटर ओढलं, दिवसाढवळ्या, आणि नवा गज घेतला. हा सागाचा होता. ह्या वेळी त्याने कपडा कुठपर्यंत येतो ते बघितलं नाही. पहिला फटका कानावर, दुसरा मनगटावर. ती कापायच्या टेबलाला पाठ लावून उभी राहिली, हात वर, पाय रोवून, दादाने सांगितलं होतं तसं. सेकंद मोजत होती. शंभर झाले. दीडशे झाले. एकशे ऐंशी झाले आणि तो दमला नव्हता. गज टाकून त्याने डावा हात तिच्या गळ्याला लावला आणि उजवा आधारासाठी टेबलावर टेकला.

टेबलावर इस्त्री होती. कोटाच्या कॉलरसाठी तापवलेली, सहा-सात किलोची. एकशे एक्याऐंशीला तिने ती उचलली आणि त्याच्या उजव्या हातावर आपटली. एकदा. मग पूर्ण भार देऊन दाबून धरली. बोटं मोडल्याचा आवाज आला, मग कातडी चरचरल्याचा, मग तो ओरडला. किती वेळ दाबली, ते एवढंच तिला सांगता येत नाही. सगळ्या आयुष्यात तेवढंच एक मोजायचं राहिलं.

मग तिने इस्त्रीचा प्लग काढला, उगाच आग नको म्हणून, शटर वर केलं आणि चालत दादाच्या हॉलवर आली. नवऱ्याने तक्रार केली नाही. बायकोने हात मोडला हे कुठल्या तोंडाने सांगणार? कात्री मात्र त्याला पुन्हा धरता आली नाही.

दादा तोवर लढायचा थांबला होता आणि शिकवायला लागला होता. तिचा फुटलेला कान बघून त्याने विचारलं, "परत कधी जाणार?"

"नाही जाणार."

घंटेवरच्या म्हाताऱ्याला दिसेनासं झालं होतं. दुसऱ्या रविवारपासून ती घंटेमागे बसली. तेरा वर्षं बसली. त्या तेरा वर्षांत तिच्या टोलावर कुणी बोट ठेवलं नाही. दुसऱ्या गावचे बॉक्सिंगचे शिक्षक आपापली घड्याळं घेऊन यायचे आणि दोन-तीन राउंडनंतर मुकाट्याने खिशात टाकायचे.

आता त्या रविवारचं.

दादाच्या हाताखाली एक बावीस वर्षांचा मुलगा होता. उंच, किडकिडीत, म्हणून सगळे त्याला काडी म्हणायचे. हात लांब, पाय हलके, डोकं गरम. त्याच्यासमोर होता ठोकळा. सिमेंटच्या गोदामात पोती उचलणारा, बुटका, मान नावालाच. ठोकळ्याच्या बाजूने गोदामातली शंभरेक माणसं आली होती. हॉल गच्च. उकाडा असा की भिंतींनाही घाम फुटलेला.

पंच आमचे जुनेच, शाळेत चित्रकला शिकवणारे सज्जन गृहस्थ. तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी एक लढत मध्येच थांबवली होती, तर बाहेर पडल्यावर लोकांनी खुर्ची घालून त्यांच्या गळ्याचं हाड मोडलं होतं. हाताची झोळी काढून त्यांना चारच दिवस झाले होते.

पहिल्या दोन राउंडमध्ये काडीने ठोकळ्याला नाचवलं. तिसऱ्यात ठोकळ्याचा एक ठोसा बरगडीखाली बसला आणि काडीचे पाय जड झाले. चौथ्यात भुवई फुटली. मी कोपऱ्यात जाऊन रक्त थांबवलं तेव्हा त्याने मला विचारलं, "कितवा?" मी म्हणालो, आता पाचवा. तो म्हणाला, "हां, हां." थोड्या वेळाने पुन्हा विचारलं, "कितवा?"

मी दादाकडे बघितलं. दादाच्या खांद्यावर टॉवेल होता. तो रिंगमध्ये टाकला की लढत संपते. दादा म्हणाला, "उभा आहे ना? मग झालं."

पाचवा सुरू झाला. पहिल्याच मिनिटात ठोकळ्याने त्याला दोरावर नेलं. काडी खाली पडेना, तेच वाईट. पडला असता तर पंचांनी आकडे मोजले असते. त्याची बगल वरच्या दोरात अडकली होती आणि ठोकळा मारत होता. पोट, जबडा, कान, पुन्हा कान. प्रत्येक ठोशाला काडीचं डोकं मागे जायचं आणि परत यायचं. दातांचं रबर उडून माझ्या पेटीत पडलं. लाळ आणि रक्त टेबलावर, टोलबाईच्या बाहीवर. मध्येच काडी दोरातून सुटला आणि वळून कोपऱ्यातल्या खांबाला ठोसे मारायला लागला. लोक हसले. ठोकळाही क्षणभर थांबला, त्याने पंचांकडे बघितलं. पंच हात अर्धवट वर करून उभे होते. गोदामाच्या माणसांमधून कुणीतरी ओरडलं, "मास्तर, दुसऱ्या बाजूचं हाड राहिलंय!" पंचांचा हात खाली आला. ठोकळा पुन्हा सुरू झाला.

"दादा!" टोलबाई ओरडली. तेरा वर्षांत लढत चालू असताना ती पहिल्यांदा बोलली. "टाक!"

दादाने मान हलवली. टाकणार नाही.

तिने हातातल्या घड्याळाकडे बघितलं, मी तिच्याकडे बघत होतो. मग हातोडी उचलली आणि घंटेवर तीन टोल दिले. राउंड संपला.

ठोकळ्याने हात खाली घेतले. काडी आणखी दोन ठोसे हवेत मारून बसकण मारल्यासारखा खाली बसला आणि त्याला उलटी झाली. तेवढ्यात ठोकळ्याचा शिक्षक स्वतःचं घड्याळ डोक्यावर नाचवत दोरावर चढला. "एक्केचाळीस सेकंद! एक्केचाळीस सेकंद खाल्ले हिने!"

पहिली खुर्ची कुणी फेकली ते कळलं नाही. दुसरी माझ्या पेटीवर आदळली. गोदामाची माणसं एका बाजूने, दादाची पोरं दुसऱ्या बाजूने, मध्ये आमचं टेबल. पंच रिंगखाली शिरले. एका माणसाने बाटली फोडून दुसऱ्याच्या मांडीत घातली. ठोकळ्याच्या शिक्षकाने टोलबाईचे केस मुठीत धरले आणि तिचं तोंड घंटेवर आपटलं. घंटा वाजली. पुन्हा आपटलं, पुन्हा वाजली. मी त्याच्या हाताला लोंबकळलो, त्याने मला कोपराने बाजूला केलं. शेवटी त्याला ओढून काढलं ते ठोकळ्याने. एका हाताने उचलून बाजूला ठेवला, पोतं ठेवतात तसा.

काडीला इस्पितळात नेलं. त्याच्या डोक्यात रक्त साचलं होतं, कवटीला भोक पाडून काढावं लागलं. राहिले असते ते एक्केचाळीस सेकंद तर काय झालं असतं, हे मी तिथल्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. तो जगला, एवढं खरं.

टोलबाईच्या भुवईला मी सात टाके घातले. घालताना म्हणालो, "चौकशी होईल. घड्याळ अडकलं म्हण."

"अडकलं नव्हतं."

"मग हात घसरला म्हण."

"घसरला असता तर एक टोल पडला असता," ती म्हणाली. "मी तीन दिले."

दहा दिवसांनी चौकशीला बॉक्सिंग संघटनेची तीन माणसं आली. त्यांनाही कुणाचं वाटोळं करायचं नव्हतं. त्यांनी स्वतःच तिला वाट काढून दिली. "बाई, एवढ्या गोंगाटात सेकंदांचा नेम काय राहणार? साधारण अडीच-पावणेतीन मिनिटं झाली असतील, नाही का?"

"दोन मिनिटं एकोणीस सेकंद," ती म्हणाली. "घड्याळ बरोबर होतं. मी बघूनच वाजवली. मुलगा मरत होता."

दादाला विचारलं, टॉवेल का टाकला नाही? तो म्हणाला, अजून उभा होता. पंचांनी सांगितलं, मी थांबवणारच होतो. मग मला विचारलं, तुम्ही शेजारी होता, मुलाची अवस्था कशी होती? मी म्हणालो, मी पेटीत कापूस शोधत होतो, माझं लक्ष नव्हतं.

तिने माझ्याकडे बघितलंही नाही. तिला घंटेवरून कायमचं काढलं.

बाहेर आल्यावर दादा तिला म्हणाला, "तेरा वर्षांची अब्रू घालवलीस. माझीही."

"तू म्हणालास, तीन मिनिटं कुणालाही काढता येतात," ती म्हणाली. "मी आठ वर्षं काढली, दादा. तू एकदा तरी बघायला आलास?"

ती निघून गेली.

तीन महिन्यांनी, एका सकाळी, मी दवाखान्याचं दार उघडत होतो तर समोर काडी. डोक्यावर बोटभर केस, त्यातून दिसणारा वाकडा वण. त्याने टोलबाईला दंडाला धरून आणलं होतं. तिच्या भुवईवर फडकं, फडकं लाल.

"काय झालं?"

"मी मारलं," काडी म्हणाला.

आत बसवून मी उकललेली जुनी जखम धुतली. हळूहळू सगळं बाहेर आलं. डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं, आयुष्यात पुन्हा ग्लोव्ह घालायचा नाही. तो तडक हिच्या खोलीवर गेला होता. दाराला लाथ मारली, स्टूल भिंतीवर आपटून मोडलं. एक्केचाळीस सेकंद राहिले होते, म्हणाला, मी उभा होतो, मी काढले असते, तू माझी लढत खाल्लीस. तिने सांगितलं, तू खांबाला मारत होतास. लोक हसत होते. तेव्हा त्याचा हात सुटला. जुन्या जखमेवरच बसला. रक्त बघून तो स्वतःच भिंतीला टेकून खाली बसला. मग तिनेच त्याला इथला पत्ता सांगितला.

मी टाका ओवत होतो. काडी माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "तुम्ही टेबलावर होता. खरं सांगा. मी खांबाला मारत होतो?"

खोलीत तिघंच होतो. टोलबाईने डोळे मिटले होते.

"हो," मी म्हणालो. "चार-पाच ठोसे मारलेस. त्याआधी कोपऱ्यात मला दोनदा विचारलंस, कितवा राउंड. मी सगळं बघत होतो. चौकशीत खोटं बोललो."

त्याने माफी मागितली नाही, तिनेही मागायला लावली नाही. तो दारात पाठ करून उभा राहिला, टाके होईपर्यंत. मग तिला घरी सोडायला गेला. मीही चौकशीच्या माणसांना पत्र लिहिलं, मी काय बघितलं ते. उत्तर आलं नाही. पुढच्या रविवारपासून मी हॉलवर गेलो नाही.

काडीला ठोकळ्याने गोदामात कामाला लावलं. पोती उचलायची नाहीत, फक्त गाड्या आल्या-गेल्या लिहायचं. दोघं दुपारी एकत्र जेवतात म्हणे, फारसं न बोलता. टोलबाई कापड रंगवायच्या कारखान्यात आहे. तिथे कापड पातेल्यात किती मिनिटं ठेवायचं यावर रंग ठरतो, आणि तिच्या पाळीतल्या कापडाचा रंग कधी फिका येत नाही. दादा अजून तिच्याशी बोलत नाही. मध्यंतरी त्याला बरं नव्हतं तेव्हा वहिनीने निरोप पाठवला होता, जरा येऊन जा. ती गेली, उंबऱ्यापाशी बसून राहिली. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. वळला नाही, पण उठून जा असंही म्हणाला नाही. ती पुन्हा जाणार आहे.